नाके गेले, पण आवक-जावक रजिस्टर राहिलं! युरोपातल्या व्यापाऱ्यांना दर महिन्याला भरावं लागणारं ‘इन्ट्रास्टॅट’ नेमकं काय आहे?

फेब्रुवारी १९८४. आल्प्सच्या डोंगरात कडाक्याची थंडी आणि फ्रान्स-इटली सीमेवरच्या मॉं ब्लां बोगद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रकच्या लांबच लांब रांगा. सीमेवरच्या कस्टम्स कर्मचाऱ्यांनी आंदोलन पुकारलं होतं, त्यामुळे कागद पुढे सरकत नव्हते आणि कागद सरकल्याशिवाय ट्रक सरकत नव्हता. शेवटी ट्रकचालकांचा संयम सुटला. त्यांनी ट्रक आडवे लावून रस्तेच बंद केले आणि बघता बघता हे आंदोलन फ्रान्सभर पसरलं.

याच वर्षी जुलैमध्ये फ्रान्स आणि तेव्हाच्या पश्चिम जर्मनीने झारब्रुकेन शहरात एक करार केला. दोन्ही देशांच्या सीमेवरची तपासणी हळूहळू कमी करायची, असं त्यात ठरलं. पुढे चक्रं फिरली आणि १ जानेवारी १९९३ ला युरोपची ‘एकल बाजारपेठ’ सुरू झाली. तेव्हाच्या १२ सदस्य देशांमधल्या सीमांवर मालासाठी होणारी कस्टम्सची कागदपत्रं बंद झाली. मिलानहून निघालेला ट्रक फ्रान्सला जाताना कुठेही शिक्का मारायला थांबणार नव्हता.

ट्रकचालक खूश झाले, व्यापारीही खूश झाले. पण आकडेवारी खात्यात बसलेल्या लोकांना मात्र घाम फुटला होता.

कारण प्रश्न साधा होता. आता मोजणार कोण?

नाक्यावर फक्त कर घेत नव्हते, मोजणीही होत होती

मुंबईकरांना हे पटकन समजेल. दहिसर, मुलुंड, मानखुर्दचे जकात नाके आठवा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईतली जकात बंद झाली. नाक्यावर थांबून पावती फाडायची कटकट गेली. पण जोवर नाका होता तोवर शहरात काय येतंय, किती येतंय, याची नोंदही आपोआप होत होती.

देशांच्या सीमेचंही असंच असतं. सीमेवरचा कस्टम्स अधिकारी तीन कामं करतो. माल तपासतो, कर घेतो आणि नोंद करतो. पहिली दोन कामं सगळ्यांना दिसतात. तिसरं कोणाच्या लक्षात येत नाही, पण देशाची आयात किती, निर्यात किती, व्यापारी तूट किती, हे सगळे आकडे त्या तिसऱ्या कामातूनच येतात.

१९९३ ला नाके उठले तेव्हा ही तिन्ही कामं एकदम उठली. आणि युरोपातल्या देशांचा बराचसा व्यापार एकमेकांशीच चालतो. आजही युरोपियन युनियनचे सदस्य देश बाहेरच्या जगाला जेवढा माल विकतात, त्याहून जास्त माल आपापसात विकतात. २०२३ मध्ये हा आपापसातला व्यापार सुमारे ४ लाख कोटी युरोंचा होता. एवढा व्यापार मोजलाच नाही, तर जीडीपीचं गणित चुकतं, व्याजदराचे निर्णय चुकतात आणि कोणता उद्योग वाढतोय, कोणता बसतोय, हेही कळत नाही.

यावर उपाय आधीच शोधून ठेवला होता. नोव्हेंबर १९९१ मध्ये एक नियम मंजूर झाला. त्याचा अर्थ एका वाक्यात सांगायचा तर असा : जी नोंद सीमेवरचा अधिकारी करत होता, ती आता व्यापाऱ्यानेच आपल्या ऑफिसात बसून करायची आणि दर महिन्याला सरकारला पाठवायची.

या व्यवस्थेचं नाव इन्ट्रास्टॅट. आपल्या ऑफिसांमध्ये आवक-जावक नोंदवही असते ना? कोणतं पत्र आलं, कोणतं गेलं, कोणाकडून, कोणाला. इन्ट्रास्टॅट म्हणजे युरोपच्या व्यापाराचं आवक-जावक रजिस्टर. आणि ते लिहायची जबाबदारी व्यापाऱ्याची.

आयात-निर्यात नाही, ‘आवक’ आणि ‘जावक’

गंमत म्हणजे या कागदांवर बरीच वर्षं ‘आयात’ आणि ‘निर्यात’ हे शब्द वापरायचं टाळलं जायचं. एकाच बाजारपेठेत कसली आयात आणि कसली निर्यात, असा त्यामागचा विचार. म्हणून दुसऱ्या सदस्य देशातून माल आला तर ती आवक आणि तिकडे गेला तर ती जावक. नवीन नियमांत आयात-निर्यात हे शब्द परत आले आहेत, पण व्यापाऱ्यांच्या तोंडी आजही आवक-जावकच आहे.

फॉर्ममध्ये काय लिहायचं असतं, ते उदाहरणाने पाहू.

समजा, इटलीतल्या एका सायकल कारखान्याने जर्मनीतल्या घाऊक व्यापाऱ्याला ५०० सायकली विकल्या. सायकली ट्रकमध्ये चढल्या, आल्प्स ओलांडून जर्मनीत उतरल्या. रस्त्यात कोणी अडवलं नाही. महिना संपला की इटलीतला कारखाना आपल्या ‘जावक’मध्ये ही नोंद करणार आणि जर्मनीतला व्यापारी आपल्या ‘आवक’मध्ये. सौदा एकच, पण त्याची नोंद दोन देशांत होणार.

या नोंदीत साधारण या गोष्टी येतात :

- मालाचा आठ आकडी कोड. सायकलसाठी तो ८७१२००३० आहे.
- मालाची किंमत.
- निव्वळ वजन. काही मालासाठी वजनाच्या जोडीला वेगळं मापही लागतं. सायकली नगांत, बूट जोड्यांत, वाइन लिटरमध्ये, गालिचे चौरस मीटरमध्ये.
- माल कोणत्या देशात गेला किंवा कोणत्या देशातून आला.
- माल मुळात कोणत्या देशात बनला.
- व्यवहाराचा प्रकार. विक्री आहे, परत आलेला माल आहे की आणखी काही.
- जावक असेल तर घेणाऱ्याचा व्हॅट नंबर.

काही देश याशिवाय वाहतुकीचा प्रकार, म्हणजे रस्ता, रेल्वे, जहाज की विमान, हेही विचारतात.

वाचायला सोपं वाटतं. पण खरी डोकेदुखी तपशिलात आहे.

कुठे चुकतं?

पहिली डोकेदुखी कोडची. या आठ आकड्यांतले पहिले सहा जगभर सारखे असतात. ब्रुसेल्समधल्या जागतिक सीमाशुल्क संघटनेने ही यादी केली आणि १९८८ पासून ती वापरात आहे. शेवटचे दोन आकडे युरोपचे स्वतःचे. ही युरोपीय यादी दरवर्षी १ जानेवारीला नव्याने लागू होते. म्हणजे गेल्या वर्षी बरोबर असलेला कोड यंदा रद्द झालेला असू शकतो. हजारो वस्तू विकणाऱ्या कंपनीत एका माणसाचा डिसेंबर यातच जातो.

दुसरी डोकेदुखी मूळ देशाची. समजा सायकली तैवानमध्ये बनल्या, नेदरलँड्सच्या बंदरात उतरल्या, तिथे त्यांचं सीमाशुल्क भरलं गेलं आणि मग त्या जर्मनीला गेल्या. आता जर्मन व्यापाऱ्याने काय लिहायचं? माल आला नेदरलँड्समधून, पण बनला तैवानमध्ये. दोन्ही रकाने वेगळे आहेत आणि दोन्ही बरोबर भरायचे आहेत. अनेकांचं बिल मात्र फक्त एवढंच सांगतं की माल डच कंपनीने विकला.

तिसरी डोकेदुखी सगळ्यात जास्त लोकांना गाठते. विक्री झाली नाही तरी नोंद करावी लागते! एखाद्या ऑनलाइन विक्रेत्याने आपलाच माल जर्मनीतल्या गोदामातून पोलंडमधल्या गोदामात हलवला. कोणी विकत घेतला नाही, पैसे आले नाहीत, बिलही बनलं नाही. तरी माल सीमा ओलांडून गेला, म्हणजे जावक झाली. इन्ट्रास्टॅट मालामागे जातं, बिलामागे नाही. याउलट, सल्ला, सॉफ्टवेअरची सेवा, डिझाइनचं काम यांची कितीही मोठी बिलं झाली तरी इन्ट्रास्टॅटमध्ये त्यांना जागा नाही. दुरुस्तीसाठी पाठवलेलं आणि दुरुस्त होऊन परत येणारं यंत्रही त्यात येत नाही.

सगळ्यांनाच भरावं लागतं का?

नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीने शेजारच्या देशातून चार पोती पीठ आणलं म्हणून तिच्यामागे कोणी लागत नाही. प्रत्येक देशाने वर्षभराच्या उलाढालीची एक मर्यादा ठरवली आहे. आवक आणि जावक यांची मर्यादा वेगवेगळी मोजतात. मर्यादा ओलांडली की दर महिन्याला नोंद सुरू.

ही मर्यादा प्रत्येक देशात वेगळी आहे. जर्मनीत २०२४ पर्यंत आवकसाठी ८ लाख आणि जावकसाठी ५ लाख युरो होती. १ जानेवारी २०२५ पासून ती अनुक्रमे ३० लाख आणि १० लाख युरो झाली. फ्रान्समध्ये ती ४ लाख ६० हजार युरो राहिली आहे. माल्टासारख्या चिमुकल्या देशाने मात्र ती वर्षानुवर्षं अवघी ७०० युरो ठेवली होती.

मुदतही प्रत्येकाची वेगळी. जर्मनीत महिना संपल्यावर कामकाजाच्या दहाव्या दिवसापर्यंत नोंद पोहोचायला हवी. कुठे ती आकडेवारी खातं घेतं, कुठे कस्टम्स तर कुठे कर खातं. जर्मनीत हा कागद वीस्बाडेन शहरातल्या केंद्रीय आकडेवारी कार्यालयाकडे जातो, फ्रान्समध्ये कस्टम्सकडे.

आणि हे ऐच्छिक सर्वेक्षण नाही. भरलं नाही, उशिरा भरलं किंवा चुकीचं भरलं तर दंड आहे. जर्मनीत तो ५ हजार युरोंपर्यंत जाऊ शकतो. लपवाछपवी करता येईल असंही नाही. व्हॅटच्या रिटर्नमध्ये इतर सदस्य देशांशी केलेल्या व्यवहारांची बेरीज वेगळी दाखवावी लागते. तिथून आकडेवारी खात्याला कळतं की कोणी मर्यादा ओलांडली आणि कोण गप्प बसलं.

एकाच ट्रकमागे तीन कागद

इथे एक गोंधळ दूर करायला हवा. इन्ट्रास्टॅट हा कराचा कागद नाही. त्यावर एक युरोही भरायचा नसतो. कराचे कागद वेगळे आहेत.

युरोपात एका देशातल्या कंपनीने दुसऱ्या सदस्य देशातल्या कंपनीला माल विकला तर विकणारा व्हॅट लावत नाही. घेणारा आपल्या देशात, आपल्या दराने स्वतःच तो व्हॅट दाखवतो. जीएसटी भरणाऱ्यांना ‘रिव्हर्स चार्ज’ माहीत असेल, तसाच हा प्रकार. पण मग विकणाऱ्याने खरंच दुसऱ्या देशातल्या नोंदणीकृत कंपनीला माल विकला का, हे तपासायचं कसं?

त्यासाठी विकणाऱ्याला एक सारांश यादी द्यावी लागते : कोणत्या व्हॅट नंबरच्या ग्राहकाला एकूण किती युरोंचा माल विकला. सगळ्या देशांची कर खाती हे आकडे एकमेकांना पाठवतात. जानेवारी २०२० पासून तर नियम आणखी कडक झाला. ग्राहकाचा व्हॅट नंबर वैध नसेल किंवा ही यादी नीट दिली नसेल, तर विकणाऱ्याची व्हॅटमधली सवलतच धोक्यात येते.

म्हणजे एका ट्रकमागे तीन कागद झाले. व्हॅटचं रिटर्न, सारांश यादी आणि इन्ट्रास्टॅट. तिन्ही वेगळे, तिन्हींचे नियम वेगळे, आणि तिन्ही बहुतेक वेळा एकाच अकाउंटंटच्या टेबलावर.

साहजिकच लहान-मध्यम कंपन्यांची तक्रार जुनीच आहे. सरकारला हवी असलेली आकडेवारी आम्ही फुकटात का गोळा करून द्यायची? प्रश्न रास्त आहे. पण ही नोंद चुकली तर काय होतं, याचा एक मोठा धडा ब्रिटनला मिळाला.

गायब होणारा व्यापारी

साधारण २००० च्या सुमाराची गोष्ट. ब्रिटन तेव्हा युरोपियन युनियनमध्ये होता आणि तिथे व्हॅट होता साडेसतरा टक्के. मोबाइल फोन आणि कॉम्प्युटर चिप, म्हणजे आकाराने लहान आणि किमतीने मोठा माल, चोरांच्या डोळ्यांत भरला.

खेळ असा. दुसऱ्या सदस्य देशातून एक ब्रिटिश कंपनी १ लाख पौंडांचे मोबाइल आणते. नियमाप्रमाणे त्यावर व्हॅट लागत नाही. ही कंपनी ते फोन ब्रिटनमधल्याच दुसऱ्या कंपनीला विकते आणि तिच्याकडून साडेसतरा हजार पौंड व्हॅट घेते. हा व्हॅट सरकारला भरायचा असतो. पण भरायची वेळ येते तेव्हा कंपनी गायब! ऑफिस बंद, फोन बंद, मालक बेपत्ता. तिकडे दुसरी कंपनी तेच फोन परत परदेशी विकते. निर्यात असल्यामुळे विक्रीवर व्हॅट नाही, उलट खरेदीवर भरलेले साडेसतरा हजार ती सरकारकडून परत मागते. सरकारच्या तिजोरीत जे कधी आलंच नाही, ते तिजोरीतून बाहेर जातं.

आणि तेच खोके फिरून पुन्हा ब्रिटनमध्ये येतात. पुन्हा तोच खेळ. जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या पाळण्यासारखा हा प्रकार असल्यामुळे त्याला ‘कॅरोसेल’ घोटाळा म्हणतात.

आता यात आकडेवारीचा काय संबंध? नीट बघा. माल आणणारी कंपनी गायब होणार असते, त्यामुळे ती ‘आवक’ची नोंद करतच नाही. माल बाहेर पाठवणाऱ्या कंपनीला मात्र व्हॅट परत हवा असतो, त्यामुळे ती ‘जावक’ची नोंद करते. परिणाम काय? कागदावर ब्रिटनमधून फोन भराभर बाहेर जाताना दिसत होते, पण ते आत कधी आले याचा पत्ताच नव्हता. निर्यात फुगलेली आणि आयात आकसलेली.

शेवटी जुलै २००३ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय आकडेवारी कार्यालयाला आधीच्या वर्षांचे आयातीचे आकडे वाढवून जाहीर करावे लागले. देशाची व्यापारी तूट जेवढी वाटत होती त्याहून मोठी निघाली. घोटाळा त्यानंतरही थांबला नाही. १ जून २००७ पासून ब्रिटनने मोबाइल आणि चिपच्या देशांतर्गत घाऊक व्यवहारांनाही रिव्हर्स चार्ज लावला, म्हणजे विकणाऱ्याच्या हातात व्हॅटचे पैसेच पडू दिले नाहीत. तेव्हा कुठे त्या मालातली ही वाट बंद झाली.

चोर कराच्या पैशाच्या मागे होते. पण त्यांच्यामुळे एका प्रगत देशाला आपली आयात नेमकी किती, हे काही वर्षं नीट माहीत नव्हतं.

दोन वह्या जुळत का नाहीत?

घोटाळा नसला तरी आकडे जुळतातच असं नाही. तत्त्वतः इटलीने जर्मनीला पाठवलेला माल आणि जर्मनीने इटलीतून घेतलेला माल, हे दोन्ही आकडे एकच असायला हवेत. शेवटी ट्रक तोच आहे. प्रत्यक्षात असं क्वचितच होतं.

कारणं साधी आहेत. एका बाजूची कंपनी मर्यादेच्या वर, दुसऱ्या बाजूची खाली. माल निघाला ३१ मार्चला, पोहोचला २ एप्रिलला. एकाने एक कोड टाकला, दुसऱ्याने दुसरा. किंवा माल इटलीतून थेट जर्मनीत गेला, पण बिल ऑस्ट्रियातल्या तिसऱ्या कंपनीने फाडलं.

मग २०२२ पासून युरोपने एक मोठा बदल केला. जावक नोंदवताना ग्राहकाचा व्हॅट नंबर आणि मालाचा मूळ देश लिहिणं सक्तीचं झालं. आणि ही एकेका नोंदीची माहिती पाठवणारा देश आता घेणाऱ्या देशाच्या आकडेवारी खात्याला देतो. म्हणजे इटलीच्या कारखान्याने लिहिलेली नोंद जर्मनीलाही आयती मिळते. मग जर्मन व्यापाऱ्याला तीच गोष्ट पुन्हा विचारायची गरज कमी होते.

जर्मनीने आवकेची मर्यादा ८ लाखांवरून थेट ३० लाखांवर नेली, त्याला वाट यातूनच मिळाली. दुसऱ्या बाजूला, जावक नोंदवणाऱ्याचं काम मात्र वाढलं. ओझं पूर्ण गेलं नाही, एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर आलं.

एक सीमा, जिथे हा फॉर्म जपला गेला

ब्रेक्झिटनंतर ब्रिटनने युरोपची बाजारपेठ सोडली. १ जानेवारी २०२१ पासून इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि युरोपियन युनियन यांच्यामध्ये पुन्हा कस्टम्सची सीमा उभी राहिली. महिन्याला एक नोंद पाठवणाऱ्या कंपन्यांना आता मालाच्या खेपेखेपेला कस्टम्सचे कागद करावे लागतात. तिथलं इन्ट्रास्टॅट २०२१ च्या अखेरीस बंद झालं.

पण युनायटेड किंगडमच्या एका भागात ते आजही सुरू आहे. उत्तर आयर्लंडमध्ये.

यामागे फक्त व्यापार नाही. उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यामधल्या सीमेवर एके काळी कस्टम्सच्या चौक्या होत्या. तिथल्या रक्तरंजित संघर्षाच्या काळात या चौक्यांवर हल्ले व्हायचे. २२ ऑगस्ट १९७२ ला न्यूरी शहरातल्या कस्टम्स कार्यालयात बॉम्बस्फोट झाला आणि ९ जणांचा जीव गेला. त्यात बॉम्ब आणणारे होते, तसेच कस्टम्सचे कर्मचारी आणि ट्रकचालकही होते.

१९९३ मध्ये एकल बाजारपेठेमुळे कस्टम्सच्या चौक्या गेल्या, १९९८ च्या शांतता करारानंतर लष्करी पहारेही उठले. त्यामुळे ब्रेक्झिटच्या वाटाघाटींमध्ये एका मुद्द्यावर दोन्ही बाजू ठाम होत्या : या सीमेवर पुन्हा नाका उभा राहता कामा नये. म्हणून मालाच्या बाबतीत उत्तर आयर्लंड युरोपच्या नियमांमध्ये राहिला. तिथल्या व्यापाऱ्यांच्या व्हॅट नंबरपुढे आता ‘एक्सआय’ ही वेगळी अक्षरं लागतात. वर्षाला ५ लाख पौंडांहून जास्त आवक किंवा अडीच लाख पौंडांहून जास्त जावक युरोपियन युनियनशी असेल, तर त्यांना आजही इन्ट्रास्टॅट भरावं लागतं.

न्यूरीतला एखादा अकाउंटंट महिन्याच्या २१ तारखेच्या आत तो फॉर्म भरताना वैतागत असेलच. पण ती नोंद त्याच्या टेबलावर होते, म्हणूनच डब्लिनच्या रस्त्यावर ट्रक थांबवून ती करावी लागत नाही.

नाशिकच्या द्राक्षांचं काय?

आता थोडं घराकडे येऊ. नाशिकची द्राक्षं न्हावा शेवा बंदरातून युरोपला जातात आणि त्यातली बरीचशी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरात उतरतात. द्राक्षांचा सहा आकडी जागतिक कोड ०८०६१०. त्यापुढे भारतात ०० लागतात, तर युरोपात खाण्याच्या ताज्या द्राक्षांसाठी १०.

रॉटरडॅमला सीमाशुल्काची पूर्तता झाली की ही द्राक्षं युरोपात कुठेही मोकळेपणाने फिरू शकतात. समजा डच आयातदाराने त्यातली निम्मी जर्मनीतल्या सुपरमार्केटला विकली. तर डच कंपनीच्या जावक नोंदीत मूळ देश म्हणून ‘भारत’ येतो. भारताच्या आकडेवारीत मात्र हा माल नेदरलँड्सला गेलेला असतो.

याला ‘रॉटरडॅम इफेक्ट’ म्हणतात. २०२२-२३ मध्ये अमेरिका आणि संयुक्त अरब अमिरातीनंतर भारताचा सर्वात मोठा निर्यात ग्राहक कोण होता? सुमारे पावणेदोन कोटी लोकसंख्येचा नेदरलँड्स! त्यात मुख्य वाटा पेट्रोलियम पदार्थांचा. हा सगळा माल डच लोक वापरतात असं नाही, नेदरलँड्स हे युरोपचं प्रवेशद्वार आहे. दारातून आत गेलेला माल पुढे कोणत्या खोलीत गेला, हे सांगणारी वही म्हणजे इन्ट्रास्टॅट.

मग नाशिकच्या निर्यातदाराला इन्ट्रास्टॅट भरावं लागतं का? तो थेट डच आयातदाराला माल विकून मोकळा होत असेल, तर नाही. तिथली जबाबदारी आयातदाराची. पण महाराष्ट्रातल्या एखाद्या कंपनीने नेदरलँड्समध्ये स्वतःच्या नावाने व्हॅट नंबर घेतला, गोदामात माल ठेवला आणि तिथून जर्मनी, फ्रान्सला विकायला सुरुवात केली, तर मर्यादा ओलांडल्यावर ती जबाबदारी तिचीच. युरोपातल्या ऑनलाइन बाजारपेठेवर माल विकणाऱ्यांनी हे आधीच माहीत करून घेतलेलं बरं. माल कोणत्या गोदामातून कोणत्या गोदामात हलतो, हे अनेकदा बाजारपेठ चालवणारी कंपनी ठरवते. नोंद मात्र माल ज्याच्या मालकीचा, त्याला करावी लागते.

भारतानेही हेच केलं

हे सगळं फार परकं वाटत असेल, तर ई-वे बिल आठवा. जीएसटी आला, राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे तपासणी नाके उठले आणि १ एप्रिल २०१८ पासून ५० हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेताना ई-वे बिल आलं. नाका उठला आणि नोंद व्यापाऱ्याच्या कॉम्प्युटरवर आली.

फरक एवढाच की युरोपात नोंद महिन्याची एकदम होते आणि ती आकडेवारीसाठी आहे, भारतात ती खेपेखेपेची आहे आणि करासाठी आहे. पण जीएसटीतून मिळालेली माहिती भारताच्याही कामी आली. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालात जीएसटीच्या आकड्यांवरून सांगता आलं की देशातला अंतर्गत व्यापार जीडीपीच्या सुमारे ६० टक्के आहे. देशाच्या निर्यातीतला ७० टक्के वाटा महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक, तमिळनाडू आणि तेलंगणा या पाच राज्यांचा आहे, हेही त्याच अहवालात आलं. याआधी राज्यांचा असा हिशोब नव्हताच.

पुढे काय?

युरोप आता पुढचं पाऊल टाकतोय. मार्च २०२५ मध्ये सदस्य देशांनी व्हॅट डिजिटल करण्याचे नवे नियम मंजूर केले. त्यानुसार १ जुलै २०३० पासून एका सदस्य देशातून दुसऱ्या देशातल्या कंपनीला माल विकला की साधारण १० दिवसांत ई-इनव्हॉइस काढावं लागेल आणि त्यातली माहिती कर खात्याला डिजिटल पद्धतीने पाठवावी लागेल. वर सांगितलेली सारांश यादी तेव्हा इतिहासजमा होईल. आज यादी येईपर्यंत गायब होणाऱ्या कंपनीला पळायला जो वेळ मिळतो, तो यामुळे कमी होणार आहे.

इन्ट्रास्टॅट मात्र या नियमांनी रद्द झालेलं नाही. कारण बिलावर पैसे असतात, पण वजन, मूळ देश, आठ आकडी कोड हे सगळं असेलच असं नाही. तीन कागदांचे दोन होतील. एकच कागद कधी होईल, याची युरोपातले अकाउंटंट अजून वाट बघतायत.

१९८४ मध्ये मॉं ब्लां बोगद्याबाहेर थंडीत कुडकुडणाऱ्या ट्रकचालकांनी जे मागितलं होतं, ते त्यांना मिळालं. आज त्या रस्त्याने जाणारा ट्रक कस्टम्ससाठी थांबत नाही. त्याचा हिशोब महिनाअखेरीला, कुठल्यातरी ऑफिसात, आठ आकडी कोड शोधत बसलेला अकाउंटंट पूर्ण करतो.